तांबडा तारा, पांढरं पातळ

ताऱ्याचं तेज कशात मोजतात, असं कॉलेजात एका मुलीने मला विचारलं तेव्हा मी पटकन "वाटाण्यांत" म्हणून गेले. त्यानंतर वर्षभर ती माझ्या बाकावर बसली नाही. मी काही तिची थट्टा करत नव्हते. आमच्या घरात ते वाटाण्यांतच मोजायचे. पांढरे वाटाणे, उसळीला आणतात ते.

आम्ही अंबरनाथ पूर्वेला राहायचो, पालेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका दुमजली इमारतीत, वरच्या मजल्यावर. आमच्या पुढे नुसती भातखाचरं होती आणि त्यापलीकडे डोंगर. आज तिथे टॉवर उभे आहेत आणि त्यांच्या जाहिरातीत 'निसर्गाच्या कुशीत' असं लिहिलेलं असतं. कुशीत शिरताना निसर्गाला तेवढं बाहेर काढावं लागलं. घरात आम्ही चौघं. बाबा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात फिटर होते. आई घर सांभाळायची, आणि घर म्हणजे मुख्यतः पाणी, कारण बारवी धरणाचं पाणी आमच्याकडे एक दिवस आड यायचं आणि ते यायच्या वेळी आई देवाचंही ऐकून घेत नसे. बादल्या, पिंप, कळशी, पातेली, शेवटी माझा वॉटरबॅगचा डबासुद्धा भरून झाला की मगच ती माणसात यायची. आणि चौथी आत्या, बाबांची थोरली बहीण.

आत्या उल्हासनगरला एका मराठी शाळेत भूगोल शिकवायची. तिने लग्न केलं नव्हतं. का नाही केलं असं कुणी विचारलं तर ती "कुणाशी?" असं उलट विचारायची, आणि समोरच्याला खरोखरच कुणाचं नाव सुचत नसे. ती कायम पांढरं, बारीक काठाचं पातळ नेसायची. बाईंच्या पदरावर फुलं असली की पोरं फुलं मोजत बसतात, फळ्याकडे बघत नाहीत, असं तिचं म्हणणं. पातळ पांढरंशुभ्र हवं, त्याला कडक इस्त्री हवी, आणि धुताना नीळ ती स्वतः घालणार. आई तिला वन्सं म्हणायची आणि अहोजाहो करायची. तिच्याशी वाद घालणारा माणूस अंबरनाथ-उल्हासनगर पट्ट्यात मला तरी भेटला नाही. बाबा एवढे धिप्पाड, पण आत्या "अरे विनायका" म्हणाली की हातातला चहाचा कप खाली ठेवायचे.

तर या आत्याने एक तारा शोधला होता.

शोधला म्हणजे तो तिथे होताच, आपल्या जागेवर. आत्याची एक दुर्बीण होती. नळी प्लास्टिकच्या पाइपाची, ती बाबांनी कारखान्यातल्या ओळखीने कापून आणलेली. भिंगं उल्हासनगरच्या गोपभाई चष्मेवाल्यांनी मिळवून दिलेली. आणि हे सगळं आईच्या जुन्या शिलाई मशीनच्या लोखंडी पायांवर बसवलेलं. मशीन गेलं तरी पाय राहिले होते. दुर्बिणीला डोळा एकच लागतो आणि आत्या उजवा लावायची. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या आडोशाला ती उभी राहायची, लोडशेडिंगची वाट बघत. संध्याकाळी दिवे गेले की आमच्या अख्ख्या गल्लीतून "गेलेऽऽ" असा एकच आवाज उठायचा, त्यामागून वीजवाल्यांच्या आयाबहिणींचा उद्धार व्हायचा, आणि गच्चीवरून आत्याचा समाधानी आवाज यायचा, "आला बाई अंधार." शेजारी म्हणायचे, दिवे हीच घालवत असेल.

हिवाळ्यात संध्याकाळी पूर्वेकडे ब्रह्महृदय नावाचा ठसठशीत तारा वर येतो. त्याच्या जरा खाली, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा, आत्याचा तो तारा होता. तांबडा. अगदी लालबुंद नव्हे, विझत आलेल्या निखाऱ्याएवढा. त्याच्या एका बाजूला एक तेजस्वी पांढरा तारा होता, त्याचं नाव आत्याने थोरली ठेवलं होतं. दुसऱ्या बाजूला एक मंद पांढरा, ती धाकटी. मी यात पडले त्याच्या आदल्या हिवाळ्याच्या सुरुवातीला तांबडा जवळजवळ थोरलीएवढा दिसत होता. होळीपर्यंत तो उतरून धाकटीच्या जवळ आला. ताऱ्यांच्या नकाशात तर त्याच्या नावापुढे कमीजास्त होण्याबद्दल एक अक्षर नव्हतं. आत्याला कळायचं ते कळलं. हा तारा रूपविकारी होता, म्हणजे ज्याचं तेज बदलत राहतं असा, आणि ते अजून कुणी पाहिलेलं नव्हतं.

आता यात एक भानगड होती. त्याच्या काही वर्षं आधी आत्याने एक धूमकेतू शोधला होता, आणि मुंबईतल्या आकाश बघणाऱ्या एका मंडळाला तसं पत्रही टाकलं होतं. तो धूमकेतू नव्हता. कुणीतरी केव्हाचाच शोधून ठेवलेला एक तारकागुच्छ होता. मंडळाने उलट टपाली फार गोड शब्दांत कळवलं, की आपला उत्साह स्तुत्य आहे. ही बातमी शाळेत कशी गेली देव जाणे, पण शिक्षकांच्या खोलीत पुढे कितीतरी दिवस "काय बाई, आज काय नवीन आकाशात?" चालू होतं. आत्या तशीच शाळेत जात राहिली. पण 'स्तुत्य' हा शब्द आमच्या घरातून हद्दपार झाला. दुसऱ्यांदा स्तुत्य व्हायची तिची तयारी नव्हती. या खेपेला तिने आधीच विचारल्यावर मंडळाने कळवलं होतं, की एक अख्खा हिवाळा दोन जणांनी स्वतंत्रपणे तारा बघावा, दोघांचं जुळलं तर आम्ही पुढे शिफारस करू. दोघांपैकी एक आत्या. दुसरी कोण, हे तिने मला विचारलं नाही, सांगितलं. "सुधे, तुझे डोळे चांगले आहेत आणि संध्याकाळी तू काही करत नाहीस."

दिवाळी झाली आणि माझी शिकवणी सुरू झाली. तांबडा तारा बघायची एक रीत असते. त्याच्याकडे टक लावायची नाही. टक लावली की तांबडा रंग डोळ्यात साठत जातो आणि तारा उगाचच मोठा वाटायला लागतो. झटकन बघायचं, नजर काढायची, थोरली बघायची, नजर काढायची, पुन्हा तांबडा, मग धाकटी. आई गच्चीवर पापड काढायला आली होती, तिने हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे दुसऱ्याच्या घरात बघतात तसं." आत्या म्हणाली, "अगदी तसं. तुला जमेल, मालती." आईने पापड उचलले आणि गेली.

मग मोजणी. थोरली आणि धाकटी यांच्या तेजातल्या फरकाचे मनाने दहा भाग करायचे. तांबडा थोरलीएवढा असला तर दहा वाटाणे, धाकटीएवढा असला तर एकही नाही, मधोमध असला तर पाच. वाटाणे अशासाठी, की अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर बॅटरीचा उजेड पडला की पुढचा पाऊण तास ते डोळे कामातून जातात. वाटाणे अंधारात चाचपून मोजता येतात. आपले वाटाणे कागदात बांधायचे, पुडी खाली आणून तिच्यावर तारीख घालायची आणि आपापल्या डब्यात टाकायची. संक्रांतीनंतरच्या अमावास्येपर्यंत डबा उघडायचा नाही. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे, आपल्याला काय दिसलं ते दुसरीला सांगायचं नाही. तोंडाने नाही, चेहऱ्याने नाही, 'अगं बाई' म्हणून नाही. "मी सात म्हटलं की तुला सात दिसायला लागेल," आत्या म्हणायची. "मनुष्यप्राणी तसाच आहे. डोळ्याने कमी बघतो, कानाने जास्त."

पहिल्या महिन्याची मोजणी आम्ही खाल्ली. मार्गशीर्षातल्या एका दुपारी बदलापूर गावातून आईकडची माणसं न सांगता आली. घरात भाजी नव्हती. आईला फडताळात दोन डबे मिळाले, त्यांत वाटाण्याच्या पुड्याच पुड्या. आता एवढे वाटाणे इतक्या छोट्या छोट्या पुड्यांत कुणी आणि का बांधले, हा प्रश्न कुठल्याही शहाण्या बाईला पडला असता. आईलाही पडला असणार, पण पाहुणे समोर बसले होते. गरम पाण्यात सोडा घालून तिने सगळे एकत्र भिजवले. संध्याकाळी आत्या शाळेतून आली, हातपाय धुऊन पानावर बसली, ताटातली उसळ बघितली, फडताळाकडे बघितलं.  आत्याने घास घेतला, सावकाश चावला आणि म्हणाली, "मीठ कमी आहे." बस, एवढंच. दुसऱ्या दिवसापासून डब्यात वाटाण्यांऐवजी चिंचोके आले. चिंचोके कुणी भिजवत नाही.

त्या दिवसांत आमच्या घरात आणखी एक गोष्ट चालू होती, तिचा ताऱ्याशी संबंध आहे असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. आमचे कपडे निळे होत होते. गणपतीच्या सुमारास आत्या पहिल्यांदा म्हणाली, की पाण्यात काहीतरी आहे, पातळं पिवळी पडतात. तिने नीळ वाढवली. मग म्हणाली, नीळच भेसळीची आहे. आणखी वाढवली. शनिवारी शाळा सकाळची, त्या दिवशी पाणी आलं की पांढऱ्या कपड्यांची बादली तिच्या ताब्यात असायची, आणि त्यात बाबांचे बनियन, माझा कॉलेजचा पांढरा शर्ट, उशांचे अभ्रे असं सगळंच असायचं. दिवाळीपर्यंत आमच्या दोरीवर आभाळ वाळत घातल्यासारखं दिसायला लागलं. बाबा कारखान्यात बनियनवरून चेष्टा करून घेत होते. कॉलेजात एक पोरगी मला म्हणाली, "ए, तू काय जीन्सच्या कारखान्यात कामाला लागलीस काय?" उल्हासनगरात जीन्स रंगवायचे कारखाने गल्लोगल्ली, आणि वालधुनी नदीचं पाणी कधी निळं कधी काळं वाहायचं, त्यामुळे हा प्रश्न आमच्याकडे वाटतो तेवढा वेडगळ नव्हता. खुद्द आत्याचं पातळ तर असं झालं होतं, की शाळेत पोरं तिला काय म्हणत असतील याचा विचारही मी टाळायची. पण तिला सांगणार कोण? आई एकदा "अहो वन्सं, आता पुरे झाली हो नीळ" म्हणाली होती. त्यावर आत्याने तिच्याकडे असं बघितलं, की आईने आयुष्यात पुन्हा नीळ हा विषय काढला नाही. बाबा म्हणाले, "जाऊ दे ना, कशाला टेन्शन घेतेस, निळा तर निळा." झालं. सगळे निळे होऊन गप्प.

संक्रांतीनंतरच्या अमावास्येला आत्याने दोन्ही डबे उघडले. जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, एकेक पुडी सोडली, चिंचोके मोजले आणि आलेखाच्या कागदावर ठिपके घातले. तिचे पेन्सिलने, माझे लाल शाईने. मी शेजारी सुकट निवडत बसले होते आणि एक डोळा कागदावर होता. सुरुवातीला दोघींचे सात-सात होते. मग माझे ठिपके उतरत गेले, सहा, पाच, कधी पुन्हा सहा, मग चार, शेवटी तीन. आत्याचे ठिपके सातावरच होते. कधी साडेसहा म्हणून एक चिंचोका फोडून अर्धा टाकलेला, पण पुन्हा सात. एक रेघ दोरीवर बसलेल्या चिमण्यांसारखी सपाट, दुसरी जिना उतरणारी.

 मला वाटलं, ती आता म्हणेल, थांब, काहीतरी चुकतंय. ती म्हणाली, "सुधे, तू माझ्या मनासारखं बघतेस."

मला आधी कळलंच नाही. "म्हणजे?"

"मला तारा उतरायला हवा होता, ते तुला माहीत होतं. तू उतरवलास. चांगल्या मनाने केलंस, पण मला असले चिंचोके नकोत. तारा सातावर आहे. गेल्या वर्षी माझंच काहीतरी चुकलं. रविवारी मी मंडळाला पत्र लिहून टाकते, तारा बदलत नाही म्हणून."

माझं डोकंच फिरलं. मी महिनोन्महिने थंडीत डोळ्यांत तेल घालून बघत होते, मैत्रिणी सिनेमाला जायच्या तेव्हा मी टाकीच्या आडोशाला उभी असायची, एमआयडीसीतून वास सुटला की नाकाला ओढणी लावून चिंचोके मोजायची, आणि ही बाई मला सांगते की मी लबाडी केली, तीही तिच्यावर दया येऊन! "मी एकही खोटा टाकला नाही," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. आत्या शांतपणे म्हणाली, "मी कुठे खोटा म्हणते? माया म्हणते." हे तर त्याहून वाईट होतं. मी सुकटीची परात तशीच टाकून आत गेले आणि उशीत तोंड खुपसून रडले. दुःखाने नाही, संतापाने. उशीचा अभ्राही निळाच होता.

पुढचे काही दिवस आम्ही एकमेकींशी कामापुरतं बोललो. गच्चीवर मात्र दोघीही जात होतो, कारण नेम तो नेम. एक बघून बाजूला व्हायची, मग दुसरी. रविवार जवळ आला होता. आत्याने पत्राचा कागद आणून ठेवला होता, आणि मला आतून तुटत होतं, कारण मला खात्री होती की तारा खरंच उतरलाय. तिचा तारा तीच बुडवायला निघाली होती, आणि तिला अडवू शकेल अशी एकच साक्षीदार मी, जिच्यावर तिचा विश्वास उरला नव्हता.

शनिवारी पाणी आलं. आत्या मोरीत बादलीवर वाकून पातळ पिळत होती. पिळून तिने ते झटकलं आणि उजेडाला धरून म्हणाली, "बघ. बघ, मेलं कसं मेणासारखं पिवळं पडलंय." आणि निळीच्या पुडीकडे हात नेला.

पातळ मोरपिशी झालं होतं.

मी दारात उभी होते, अजून रागातच होते, आणि त्या रागात माझ्या तोंडून निघून गेलं, "पिवळं? आत्या, डोळे फुटलेत का तुझे?" आईने स्वयंपाकघरातून "सुधा!" म्हणून हाक मारली. मी थांबले नाही. आणि बोलता बोलताच माझ्या डोक्यात दोन गोष्टी एकमेकींवर आपटल्या. हिला निळं पिवळं दिसतंय. हिला पांढरं पिवळं दिसत असणार, कधीपासून कोण जाणे. मग थोरली आणि धाकटी? त्या तर पांढऱ्या. त्या हिला मळलेल्या दिसत असणार, आणि तांबड्याला काहीच होत नसणार, तो त्यांच्यापुढे उगाच उजळ ठरत असणार.

"आत्या," मी म्हणाले, "दुर्बिणीला कुठला डोळा लावतेस?"

"उजवा. का?"

"तो मीट. आता डाव्याने पातळ बघ."

तिला असं कुणी कधी फर्मावलं नव्हतं. पण ती मोजणीतली बाई होती. बघ म्हटलं की बघायची. तिने उजवा मिटला. मग डावा मिटून उजवा उघडला. मग पुन्हा. झटकन बघायचं, नजर काढायची, अगदी ताऱ्याला बघतात तसं. पातळाचं पाणी तिच्या पायांवर ठिबकत होतं. किती वेळ तरी ती तशी एकेक डोळा मिटत उभी होती, आणि मग तिने निळीची पुडी गुंडाळून फळीवर ठेवून दिली. "हं," म्हणाली. "सुधे, चपला घाल."

गोपभाईंचं दुकान उल्हासनगरच्या बाजारात होतं, मिठाईवाला आणि कपड्याचं दुकान यांच्यामध्ये दाबून बसवलेलं. गोपभाई सिंधी, पण आमच्याशी आपलं मराठी काढायचे. त्यांनी आत्याला उंच स्टुलावर बसवलं, डोळ्यांत बॅटरी मारली, अक्षरं वाचायला लावली. "बाई, उजव्यामें मोतीबिंदू आहे. काफी पिकला है. डाव्यात पण सुरुवात आहे, थोडीसी. घाबरायचं नाय, ऑपरेशन करून टाका, एकदम साफ दिसेल." त्यांना वाटलं, आता बाई विचारणार, आंधळी तर नाही ना होणार. आत्याने विचारलं, "पिवळं दिसतं ते यानेच?"

"हां, यानेच. पिवळ्या काचेतून बघतो ना, तसं."

"आणि तांबडं?"

"तांबड्याला काय होणार? तांबडं तांबडंच." गोपभाईंनी माझ्याकडे बघितलं. "मॅडम पेंटिंग करतात काय?"

बाहेर आल्यावर आत्याने दालपकवान, म्हणजे सिंधी लोकांची डाळ आणि कडक पुरी, घ्यायला लावलं. ती बाहेरचं खात नसे. हातात द्रोण धरून ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली आणि खाता खाता मोठ्याने हिशेब मांडायला लागली, मला नव्हे, पकवानाला सांगितल्यासारखा. मोतीबिंदूने तांबडा आहे त्याहून उजळ ठरतो. म्हणजे या डोळ्याने तारा चढलेला दिसेल, उतरलेला दिसणार नाही. या वर्षी तो उतरत गेला आणि माझा डोळा तेवढाच बिघडत गेला, म्हणून माझे सात. पण गेल्या वर्षी मला तो उतरताना दिसला होता. ते डोळ्याचं काम नव्हे. ते ताऱ्याचंच. इथे ती थांबली. पकवानाचा तुकडा हातात राहिला. "म्हणजे सुधे, तू..." असं म्हणाली आणि पुढचं वाक्य पकवानाबरोबर खाऊन टाकलं. माफी मागायची तिला सवय नव्हती, आणि मलाही ती ऐकायची नव्हती. चटणी तिखट असल्याचा बहाणा करून मी नाक पुसलं.

हे लिहिताना माझ्या टेबलावर एक पांढरा रुमाल आहे. पन्नाशी उलटल्यापासून मी दर महिन्याला तो खिडकीत धरते आणि एकेक डोळा मिटून बघते. सून मला हसते. तो तारा आता यंत्रं मोजतात, आपोआप, आणि त्याची चढउतार हातातल्या फोनवर बघायला मिळते. फार संथ आहे, म्हाताऱ्या माणसाच्या श्वासासारखा. यंत्राला तांबडं साठत नाही, की दया येत नाही. शोधणाऱ्याच्या नावाच्या जागी एक नुसता क्रमांक आहे, आत्याचं नाव कुठे नाही. आत्याला त्याचं काही वाटलं नाही. मला अजून वाटतं, आणि वाटणारच.

त्या शनिवारी संध्याकाळी दिवे वेळेवर गेले. गल्लीतून "गेलेऽऽ" उठलं, पण वर "आला बाई अंधार" झालं नाही. आम्ही दोघी गच्चीवर गेलो. आधी मी बघितलं. झटकन, नजर काढून, पुन्हा झटकन. चिंचोके मोजले, पुडी बांधली. मग आत्या पुढे झाली. जन्मभर उजवा डोळा लावलेला, त्यामुळे डावा लावताना ती पार वाकडी झाली. नाक कुठे ठेवावं ते तिला कळेना. बराच वेळ लागला. मी टाकीला टेकून उभी होते आणि मनातल्या मनात सिद्धेश्वरापासून सगळ्या देवांना हाका मारत होते, की बाबांनो, आज तरी तिला दाखवा.

ती सरळ झाली. चिंचोके मोजलेला आवाज मी ऐकला. पुडी बांधायच्या ऐवजी तिने माझा हात ओढला, माझ्या मुठीतली पुडी सोडवली आणि बोटांनी चाचपली. नियम मोडायची ती पहिलीच वेळ.

माझे तीन होते. तिचे चार.

"पडला!" आत्या ओरडली. एवढ्या मोठ्याने ती शाळेतसुद्धा ओरडत नसे. "पडला गं सुधे, पडला!"

खालून आई धावत जिना चढून आली, हातात मेणबत्ती, केस सुटलेले. "कोण पडलं? अहो वन्सं, कोण पडलं?"

"तारा!"

आई दम खात उभी राहिली. मेणबत्तीने आम्हा दोघींचे डोळे कामातून घालवले होते, पण त्या दिवशी आता मोजायचं काही उरलं नव्हतं. "मग ओरडता कशाला एवढ्या," आई म्हणाली. "खाली या दोघी, भात निवतोय." आणि उतरून गेली.

आत्या दुर्बिणीवर गोणपाट घालत होती. पाठमोरीच म्हणाली, "पत्र उद्या लिहू. तुझे आकडे वर घाल, लाल शाईने. माझे खाली, आणि त्यांच्यापुढे लिही, डोळा सदोष. लपवायचं नाही काही." मी "हो" म्हणाले. माझे डोळे भरून आले होते आणि अंधार होता हे बरं झालं. गोणपाटाची दोरी बांधून ती वळली. पदर हातात घेऊन तिने डाव्या डोळ्यापाशी नेला, जणू तोही एक तारा असावा तसा.

"एक विचारते. मी असल्या निळ्या पातळात शाळेत जात होते?"

"हो."

"कधीपासून?"

"गणपतीपासून. तेव्हा कमी होतं."

"आणि तुम्ही तिघं रोज बघत होता."

"हो."

"कुणी बोललं नाही."

"आत्या, तूच सांगितलंस ना," मी म्हणाले, "आपल्याला काय दिसतं ते दुसरीला सांगायचं नाही."

तिने माझ्याकडे बघितलं. टक लावून, रीत सोडून.

"तो नियम ताऱ्यापुरता होता, गाढवे," ती म्हणाली.

मग तिने माझा दंड धरला. जिन्यात काळोख होता, आणि मला आत्ता कळत होतं की तो तिला आमच्यापेक्षा बऱ्याच दिवसांपासून जास्त होता आणि तिनेही ते कुणाला सांगितलं नव्हतं. एकेक पायरी चाचपत आम्ही उतरलो. खाली भात निवला होता.